वास्क्सला झोपेचं औषध करू नका

माझ्या फोनवरच्या एका अ‍ॅपनं मध्यंतरी मला 'गाढ झोपेसाठी' म्हणून एक यादी सुचवली. पावसाचा आवाज, धातूच्या वाडग्यांचा घुमारा, कुणीतरी दोन बोटांनी वाजवलेला पियानो, आणि या मंडळींच्या मधोमध पेतेरिस वास्क्स. रचना होती 'बाल्ता आइनावा', म्हणजे 'पांढरा देखावा'. 1980 साली पियानोसाठी लिहिलेलं हिवाळ्याचं चित्र. ताज्या बर्फावर पाऊल टाकायला जीव धजू नये, इतक्या हळू ते चालतं. ते ऐकताना कुणाचा डोळा लागला तर मी दोष देणार नाही. पण त्याच यादीत थोडं खाली 'म्युझिका दोलोरोसा' होती. 1983 मध्ये बहीण गेल्यावर वास्क्सनं तंतुवाद्यांसाठी लिहिलेला हा शोक. पहिली काही मिनिटं तो दबलेला असतो, म्हणून यादीत शिरला असावा. पुढे तो असा फुटतो की झोपलेला माणूस दचकून उठून बसेल. यादी करणाऱ्यानं तो शेवटपर्यंत ऐकला नव्हता हे उघड आहे. कदाचित यादी करणारा माणूसच नसेल.

यावर हसून पुढे जाता आलं असतं. पण लात्वियाचा हा रचनाकार आज जगभर ज्या पद्धतीनं ऐकला जातो, त्याचा सारांशच मला त्या यादीत दिसला. शांत, पवित्र, मन निववणारा. सीडीच्या वेष्टनावर धुक्यातलं जंगल आणि आत वास्क्स. माझं म्हणणं असं की ही वास्क्सची ओळख नव्हे, हे त्याचं दुसऱ्यांदा झालेलं हरण आहे. पहिलं कुणी केलं हे समजून घ्यायला त्याच्या गावी जायला हवं.

आइझ्पुते हे पश्चिम लात्वियातलं छोटं गाव. 16 एप्रिल 1946 रोजी वास्क्स तिथं जन्मला. वडील बाप्टिस्ट पंथाचे पाद्री. पुढच्या सगळ्या अडचणी या एका वाक्यात आहेत. लात्विया 1940 मध्ये सोव्हिएत संघानं गिळला, 1941 मध्ये जर्मनांनी घेतला आणि युद्ध संपता संपता तो पुन्हा सोव्हिएतांच्या ताब्यात गेला. पेतेरिस तीन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा 25 मार्च 1949 रोजी सुरू झालेल्या धरपकडीत 42,000 हून अधिक माणसं मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे धाडली गेली. बायका, म्हातारे, तान्ही मुलंसुद्धा. अशा राज्यात पाद्र्याचं घर म्हणजे चोवीस तास कुणाच्या तरी नजरेखालचं घर. त्यातून बाप्टिस्ट, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांमध्येही अल्पसंख्य.

मुलगा संगीतात रमला. डबल बास वाजवू लागला, रिगामधल्या एमिल्स दार्झिन्श संगीतशाळेत शिकला. पुढची पायरी रिगाचीच कॉन्झर्व्हेटरी. ते दार पाद्र्याच्या पोरासाठी बंद होतं. मग तो शेजारच्या लिथुआनियात, विल्नियसला गेला आणि 1964 ते 1970 अशी वर्षं तिथं डबल बास शिकला.

इथं इतिहासानं एक गंमत केली. लिथुआनिया पोलंडला लागून आहे, आणि त्या काळात पोलंडमध्ये ल्युटोस्लावस्की आणि पेंडेरेत्स्की युरोपातलं सर्वांत धाडसी संगीत लिहीत होते. मॉस्कोला जे परकं आणि संशयास्पद वाटे, ते विल्नियसच्या विद्यार्थ्याला हाकेच्या अंतरावर होतं. त्यातली एक युक्ती वास्क्सनं जन्मभर जवळ ठेवली. ल्युटोस्लावस्की वादकांना सूर लिहून द्यायचा, पण काही ठिकाणी ताल मोकळा सोडायचा. प्रत्येकानं आपापल्या चालीनं वाजवायचं, संचालक फक्त सुरुवात आणि शेवट दाखवणार. ऐकणाऱ्याला वाटतं वाद्यवृंद हातचा सुटला, गर्दी उसळली, किंवा पहाटे रानातले पक्षी एकदम बोलू लागले. पाद्र्याच्या मुलाला अडवायला निघालेल्या व्यवस्थेनं त्याला आणून नेमकं या उंबरठ्यावर सोडलं. पुढे कॉन्झर्व्हेटरीनंही त्याला आत घेतलं, पण सावकाश. व्हालेन्तीन्स उत्किन्स यांच्याकडे शिकून त्यानं रचनेची पदवी 1978 मध्ये मिळवली, तेव्हा तो 32 वर्षांचा होता.

मधली वर्षं त्यानं वाद्यवृंदांत डबल बास वाजवून काढली, आधी लिथुआनियात, मग लात्वियाच्या रेडिओ-टेलिव्हिजनच्या वाद्यवृंदात. चरित्रकार ही वर्षं एका ओळीत उरकतात. मला ती महत्त्वाची वाटतात. डबल बासवाल्याच्या वाट्याला गाण्याची ओळ क्वचितच येते. तो मागे उभा राहून बाकीच्यांच्या पायाखालची जमीन धरून ठेवतो. ती जमीन किती सहज काढून घेता येते हेही त्यालाच ठाऊक असतं. वास्क्सच्या तंतुवाद्यांच्या रचनांत वरचे सूर कितीही उंच गेले तरी खालचा आधार आहे की नाही, इकडे कान लावून पाहा. तो अचानक नाहीसा होतो, तेव्हा पोटात खड्डा पडतो.

आता थोडं मागे. ज्या कॉन्झर्व्हेटरीनं वास्क्सला बाहेर ठेवलं, तिची स्थापना 1919 मध्ये याझेप्स वीतोल्सनं केली. वीतोल्स सेंट पीटर्सबर्गला रिम्स्की-कोर्साकोव्हच्या हाताखाली शिकला आणि पुढे तिथंच शिकवू लागला. प्रोकोफिएव्ह त्याच्या वर्गात बसलेला. लात्विया स्वतंत्र झाल्यावर तो मायदेशी परतला. 1944 मध्ये लाल सैन्य पुन्हा येताना पाहून म्हातारपणी जर्मनीला गेला आणि 1948 मध्ये ल्युबेकला वारला. त्याची संस्था आज त्याच्याच नावानं ओळखली जाते.

वीतोल्सचं 'गाइस्मास पिल्स', म्हणजे 'प्रकाशाचा किल्ला', हे वृंदगीत 1899 सालचं. शब्द आउसेक्लिस या कवीचे. गाडला गेलेला एक किल्ला आहे, त्याचं विसरलेलं नाव कुणी उच्चारलं की तो पुन्हा वर येईल, अशी त्याची कथा. लात्वियात याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळायचा, आणि दुर्दैवानं अधिकाऱ्यांनाही कळायचा. लात्वियन लोक 1873 पासून गाण्याचे महोत्सव भरवतात. हजारोंचा वृंद, एक उघडं व्यासपीठ. पुढे देशाचं राष्ट्रगीत ठरलेलं गाणंही त्याच पहिल्या महोत्सवाच्या वेळचं. त्याच्या शीर्षकातला पहिला शब्द 'दिएव्स', म्हणजे आपलाच 'देव'. एकाच प्राचीन भाषाकुळातली ही भावंडं इतक्या लांब गेली तरी चेहरा ओळखू येतो. सोव्हिएत काळात त्या गाण्यावर बंदी होती. 'गाइस्मास पिल्स'ला मात्र कधी परवानगी मिळे, कधी नाही. 1985 च्या महोत्सवात ते कार्यक्रमातून गाळलं. समारोपाला लोक हटेनात. गाणारे आणि ऐकणारे मिळून त्याचीच मागणी करत राहिले, आणि अखेर हाराल्ड्स मेदनिस या वृद्ध संचालकाला पुढे आणून ते गायलं गेलंच.

हा प्रसंग लात्वियन लोक आजही अभिमानानं सांगतात, आणि सांगावाच. मला मात्र त्यात एक दुसरी गोष्ट दिसते. 'गाइस्मास पिल्स' गाळता आलं, कारण त्याला शब्द होते. शब्दावर बोट ठेवता येतं, ओळ खोडता येते, कवीला बोलावून घेता येतं. सुरावर बोट कुठं ठेवणार?

वास्क्सनं वृंदगीतं लिहिली नाहीत असं नाही, भरपूर लिहिली. पण त्याचा कणा वाद्यसंगीतात आहे, आणि हा कणा तयार झाला तो नेमका सेन्सॉरच्या वर्षांत. 1980 मध्ये एकट्या बासरीसाठी 'पक्ष्यांसह देखावा'. पक्ष्याला पासपोर्ट लागत नाही, एवढं ऐकणाऱ्याला पुरे. 1982 मध्ये 'व्हेस्तियुम्स', म्हणजे 'संदेश'. तंतुवाद्यं, दोन पियानो, तालवाद्यं. संदेश कुणाचा, कुणाला, कसला? रचनेत एक शब्द नाही. फायलीत कुणी लिहिणार तरी काय? शीर्षकात मोठ्यानं 'संदेश' म्हणायचं आणि मजकूर ज्याच्या त्याच्या छातीत सोडायचा, ही चतुराई आहेच. पण मी तिला नुसती चतुराई म्हणणार नाही. वास्क्सनं वारंवार सांगितलंय की पाद्री शब्दांतून प्रवचन करतो, आपण तेच सुरांतून करतो. वडिलांचं व्यासपीठ राज्यानं आकसून टाकलं. मुलानं ते अशा जागी नेलं, जिथं राज्याचा हात पोचत नव्हता.

त्याला बंडखोर हुतात्मा करायचा मोह टाळावा. वास्क्सची कहाणी तुरुंगाची किंवा छावणीची नाही. तो सोव्हिएत लात्वियात राहिला, वाद्यवृंदात नोकरी केली, त्याच्या रचना तिथं वाजल्या. ज्यांना सायबेरियाला नेलं त्यांच्या शेजारी त्याला उभं करणं त्या माणसांवर अन्याय होईल. त्याचं काम वेगळं होतं. जे बोलता येत नव्हतं त्याला विसरू न देणं.

मग बोलता येऊ लागलं. 23 ऑगस्ट 1989 रोजी विल्नियसपासून रिगामार्गे ताल्लिनपर्यंत, 600 किलोमीटरहून लांब, सुमारे 20 लाख माणसांनी हात धरून साखळी केली. 13 जानेवारी 1991 रोजी विल्नियसला, वास्क्स जिथं शिकला त्याच शहरात, सोव्हिएत रणगाडे टीव्ही मनोऱ्यावर चालून गेले. 14 जण मेले. रिगात लोकांनी ट्रॅक्टर, लाकडाचे ओंडके, काँक्रीटचे ठोकळे रस्त्यात आडवे टाकले आणि शेकोट्या पेटवून कडाक्याच्या थंडीत पहारा दिला. त्याच वर्षी वास्क्सनं तंतुवाद्यांसाठी पहिली सिम्फनी लिहिली. युहा कांगास आणि त्यांचा फिनलंडमधला वाद्यवृंद तिचे पहिले वादक. नाव 'बाल्सिस', म्हणजे 'आवाज'. तीन भाग: शांततेचे आवाज, जीवनाचे आवाज, सदसद्विवेकाचा आवाज. पहिल्या दोन भागांच्या नावांत 'आवाज' अनेकवचनी आहे, तिसऱ्यात एकवचनी. मला हा फरक लाखमोलाचा वाटतो. सदसद्विवेक गर्दीत बोलत नाही.

'बाल्सिस'ची सुरुवात अगदी स्तब्ध आहे. मघाच्या यादीवाल्याला तेवढंच मिळालं असतं तर त्यानं तीही घेतली असती. पण रस्त्यावर रणगाडे असताना लिहिलेली ही स्तब्धता आहे. पहारा देणाऱ्या माणसाची शांतता आणि अंथरुणात पडलेल्या माणसाची शांतता कानाला सारखीच लागते, हीच तर अडचण.

1991 च्या ऑगस्टमध्ये लात्विया मोकळा झाला. सेन्सॉर गेला आणि त्या जागी बाजार आला. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. बाजारामुळेच माझ्यासारख्या माणसापर्यंत वास्क्स पोचला. पण वेळ पाहा. 1992 मध्ये पोलंडच्या गोरेत्स्कीच्या तिसऱ्या सिम्फनीचं नवं ध्वनिमुद्रण निघालं. ती रचना 1976 ची, दुःखानं ओथंबलेली. सीडी दहा लाखांवर खपली. कंपन्यांना शोध लागला की पूर्व युरोपातलं संथ दुःख विकलं जातं. एस्टोनियाचा आर्वो पेर्त आधीपासून होताच. या सगळ्यांना मिळून एक लेबल चिकटलं, 'होली मिनिमलिझम', म्हणजे पवित्र अल्पाक्षरी संगीत. वास्क्सलाही त्याच कप्प्यात टाकलं गेलं.

पेर्तबद्दल वास्क्सला खरा आदर आहे. 2001 ची 'व्हियातोरे', म्हणजे 'वाटसरू', ही तंतुवाद्यांची रचना त्यानं पेर्तलाच अर्पण केली. पण दोघांचा स्वभाव वेगळा. पेर्तचा सूर नियमानं बांधलेला असतो, मठातल्या दिनचर्येसारखा. भावनेला त्यात वेगळी खुर्ची नाही. वास्क्स नियम पाळत नाही. तो रडतो, ओरडतो, भांडतो, थांबतो आणि पुन्हा गातो. अल्पाक्षरी तर तो मुळीच नाही. उलट, जरा जास्तच बोलतो.

तात्पर्य, ज्या गुणानं वास्क्सला सेन्सॉरपासून वाचवलं त्याच गुणानं त्याला बाजाराच्या हवाली केलं. शब्द नव्हते म्हणून अधिकाऱ्याला आक्षेप घेता आला नाही, आणि शब्द नाहीत म्हणूनच विक्रेता त्यावर वाटेल ती चिठ्ठी डकवतो. 'गाइस्मास पिल्स' कुणी झोपेच्या यादीत टाकणार नाही. त्याचे शब्दच आड येतील.

यावर एक वाजवी प्रतिप्रश्न आहे. संगीत ज्यानं त्यानं हवं तसं ऐकावं, त्यात रचनाकाराची मालकी कशाला? एखाद्या थकलेल्या परिचारिकेला रात्रपाळीनंतर वास्क्स ऐकून झोप लागत असेल तर बिघडलं कुठं? काही बिघडलं नाही. मी ऐकणाऱ्याशी भांडतच नाही. माझं भांडण कापणाऱ्याशी आहे. वास्क्सच्या रचनेतला हळवा भाग तेवढा कापून घेतला की उरलेल्याला अर्थ राहत नाही. आणि हळव्या भागालाही राहत नाही, हे जास्त वाईट.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो संगीत जाणणाऱ्यांकडून येतो. वास्क्स भाबडा आहे, म्हणे. दुःख, मग गोंधळ, मग प्रार्थना: प्रत्येक वेळी तोच आराखडा. यात तथ्य आहे. 1999 मध्ये क्रोनोस क्वार्टेटसाठी लिहिलेल्या चौथ्या चतुष्कात तर भागांची नावंच हे सांगतात: विलापिका, तोकाता, कोराल, पुन्हा तोकाता, चिंतन. विलापिका आणि चिंतन यांच्या मध्ये दोनदा यंत्रासारखा धडधडणारा तोकाता, आणि त्या दोन तोकातांच्या मध्ये चेपलेलं एक स्तोत्र. नंतरच्या काही मोठ्या रचनांत हा आराखडा सवयीचा होतो. शेवटची प्रार्थना इतकी लांबते की मी चुळबूळ करतो, हे कबूल करायला हवं.

पण भाबडा? भाबडा माणूस वाईटाला पाहत नाही. वास्क्स त्याला रचनेच्या मधोमध जागा देतो, आणि त्याला हरवून दाखवत नाही. 'म्युझिका दोलोरोसा'त तर शेवटी आशा येतच नाही. ज्यानं एकदा ती नाकारली, त्यानं इतर ठिकाणी ती दिली तर ती सवयीनं दिली असं मी मानणार नाही.

1978 ची 'ग्रामाता चेल्लाम', म्हणजे 'चेलोसाठी पुस्तक', ही एका चेलोची रचना आहे. दोन भाग. पहिला अतिशय जोरकस: तार ओरबाडल्यासारखी, राग आवरत नसलेला. दुसरा अतिशय हळुवार. या दुसऱ्या भागात चेलो वाजवणाऱ्यानं वाजवता वाजवता स्वतः गायचं असतं. शब्द नाहीत, फक्त माणसाचा आवाज. चेलोवादक काही गायक नसतो. त्याचा आवाज कापरा असतो, कधी जरा बेसूर. तरी ते लिहिलंय. हीच कल्पना 34 वर्षांनी, 2012 मध्ये, सोल गाबेत्तासाठी लिहिलेल्या दुसऱ्या चेलो कॉन्चेर्तोत शेवटी पुन्हा येते. तालमीत घोटलेलं वाद्य बाजूला सरतं आणि उघडा माणूस समोर येतो. समाजमाध्यमांवर या दुसऱ्या भागाची ध्वनिचित्रं फिरतात, 'स्वर्गीय' वगैरे विशेषणांसह. पहिल्या भागाची मी अजून एकही फिरताना पाहिली नाही. पण तो राग ऐकल्याशिवाय तो कापरा आवाज कुठून आला हे कळणार कसं?

वास्क्सची एकच रचना ऐकायची असेल तर मी 'ताला गाइस्मा' सांगेन, 'दूरचा प्रकाश'. व्हायोलिन आणि तंतुवाद्यांसाठी कॉन्चेर्तो, 1996-97 मध्ये लिहिलेला. त्याचा पहिला वादक, व्हायोलिनवादक गिदोन क्रेमर, रिगाचाच, वास्क्सहून वर्षानं लहान, त्याच दार्झिन्श संगीतशाळेचा विद्यार्थी. पुढे तो जगप्रसिद्ध झाला आणि पश्चिमेत स्थिरावला. 1997 मध्ये त्यानं तिन्ही बाल्टिक देशांतले तरुण वादक जमवून 'क्रेमेराता बाल्तिका' हा वाद्यवृंद उभारला, आणि त्याच वर्षी साल्झबुर्ग महोत्सवात त्यांच्यासह हा कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजवला. एकाच शाळेची दोन मुलं, एक राहिला, एक गेला, आणि पन्नाशीच्या आसपास दोघं या रचनेत भेटले. 'दूरचा प्रकाश' या नावात बालपण आहे असं मला वाटतं, आणि कधीच विझून गेलेल्या ताऱ्याचा आता पोचणारा उजेडही.

रचना अखंड आहे. सुरुवातीला व्हायोलिन जवळजवळ ऐकूच येत नाही. तारेला नुसता स्पर्श, हवेत विरणारे उंच सूर. मग गाणं सुरू होतं, मधूनमधून लोकसंगीताचा मोकळा उत्साह. व्हायोलिन तीनदा एकटं पडतं. तिसऱ्या एकांतानंतर वाद्यवृंद सुटतो. विल्नियसच्या दिवसांत शिकलेली ती जुनी युक्ती: प्रत्येकजण आपापल्या वेगानं, सगळे एकदम. त्यातून एक वॉल्ट्झ वर येतो, पण नाचण्याजोगा नाही. बुटांनी नाचणारा, दात विचकणारा, एखाद्या घरात घुसून केलेल्या मेजवानीसारखा. तो तुटतो. आणि सुरुवातीचे ते उंच, विरणारे सूर परत येतात. सूर तेच आहेत, पण आता आपल्याला माहीत आहे की ते कशाच्या पलीकडून आलेत.

साधारण अर्धा तास लागतो. हेडफोन लावून एका बैठकीत ऐका, मधला भाग पुढे ढकलू नका. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवाल. मीही वाढवला होता. वॉल्ट्झ सुरू झाल्यावर तो कमी करायला हात जाईल. जाऊ देऊ नका.